ग्लॉक ४३एक्स की ग्लॉक ४८? कपड्यांत लपवून बाळगायला यातलं कुठलं पिस्तूल घ्यावं?
आधी एक गोष्ट: एच-१बी व्हिसावर असाल तर थांबा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने, काही मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायलाच मनाई आहे. टेक्सासमध्ये २०२१पासून परवान्याशिवाय बाळगता येते, पण त्याने ही अट सुटत नाही. माझं ग्रीन कार्ड झाल्यावरच मी दुकानाची पायरी चढले.

ही दोन्ही पिस्तुलं म्हणजे जुळी भावंडंच. तीच ९ मिमीची गोळी, १० गोळ्यांचं तेच मॅगझिन, तीच मूठ. फरक नळीचा: ४३एक्सची ८७ मिमी, ४८ची १०६.

मला वाटायचं, लपवायची तर आखूडच बरी. चूक. कुडत्यातून उठून दिसते ती मूठ, आणि ती दोन्हींची सारखीच! लांब नळी कमरेखाली जाते, ती कोणाला दिसत नाही. गाडीत बसल्यावर मात्र मांडीला टोचते; माझं रोजचं ड्रायव्हिंग तासाभराचं, म्हणून मी ४३एक्स घेतली. तुम्ही दिवसभर उभ्याने काम करत असाल तर ४८ घ्या, नेम धरायला ती सोपी जाते.

ठरवण्याआधी शूटिंग रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन पन्नास-पन्नास गोळ्या झाडा. रिकामं पिस्तूल कमरेला लावून खाली वाका, खुर्चीत बसा. आणि होल्स्टरवर, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानावर, कंजुषी नको: ग्लॉकला अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका नसतो, त्यामुळे ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टरच हवं. नवऱ्याने आणलेलं मऊ कापडी मी त्याच दिवशी परत पाठवलं.