हत्तीपायाची काळजी घरी कशी घ्यावी

पायात काटा मोडला किंवा बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, की दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. तिला अवधाण आले असे आपण म्हणतो आणि जखम भरली की गाठही विसरतो. ती गाठ म्हणजे लसीका ग्रंथी असते आणि पायातून वर निघालेले जंतू अडवण्याचे काम ती त्या वेळी करत असते. हत्तीपायाची काळजी नीट घ्यायची असेल, तर ही व्यवस्था आधी समजून घ्यावी लागते.

रक्ताच्या दाबामुळे बारीक केशवाहिन्यांतून पाणी सतत पेशींभोवती झिरपत असते. त्यातील बरेचसे रक्तात परत जाते, परंतु दिवसाकाठी साधारण दोन ते तीन लिटर द्रव मागे उरतो आणि तो, त्यातील प्रथिनांसह, लसीका वाहिन्या गोळा करतात. जांघ, काख, मान येथील ग्रंथींमधून गाळला जाऊन हा द्रव, म्हणजेच लसीका, अखेर गळपट्टीच्या हाडामागील मोठ्या शिरांमध्ये रक्ताला मिळतो. या प्रवाहाला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंतींचे स्वतःचे हलके आकुंचन, आजूबाजूच्या स्नायूंचा दाब आणि श्वासाची लय यांच्या बळावर लसीका वर चढते, आणि ती खाली घसरू नये म्हणून आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात.

हत्तीपाय ज्यातून येतो त्या हत्तीरोगात नेमक्या याच झडपा निकामी होतात. गटारे आणि संडासाच्या टाक्यांतील घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास या रोगाचे जंत पसरवतो. दोऱ्यासारखे हे जंत लसीका वाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात आणि वाहिन्या फुगून सैल पडतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा आजार जुना आहे. औषधाने जंत मरतात, पण एकदा बिघडलेली झडप औषधाने पूर्ववत होत नाही. साचलेल्या द्रवामुळे त्वचा दुबळी होते, बेचक्यांतील भेगांतून साधे जंतू आत शिरतात, थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी अधिक वाढते. माझ्या मते पायाचा जाडपणा ज्याने त्याने मोजत बसण्यापेक्षा वर्षात तापाचे किती झटके आले हे मोजावे, कारण ते झटके थांबवणे आपल्या हाती असते.

सर्वांत आधी निदान करून घ्यावे. हृदय, मूत्रपिंड किंवा थायरॉईडच्या आजारातही पाय सुजतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हत्तीरोगासाठी रक्ताचा नमुना रात्री घेतात, कारण जंतांची पिल्ले रक्तात प्रामुख्याने रात्रीच उतरतात.

यापुढचे काम रोजचे आहे. माझी आत्या धानाच्या रोवणीला जात असे आणि संध्याकाळी घरी आली की अंगणातल्या दगडावर पाय घेऊन बसे. तिचे पाहून मी शिकले ते असे: साधे पाणी घ्यावे, गरम नको. साबणाचा फेस हातावर करून गुडघ्यापासून खाली यावे, घड्या उघडून धुवावे, प्रत्येक बेचकीत बोट फिरवावे आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत पाय धूत राहावे. ब्रश किंवा वजरी वापरू नये, कारण तिने सूक्ष्म ओरखडे पडतात. नंतर मऊ सुती फडक्याने टिपून घ्यावे, चोळू नये. बेचक्यांसाठी फडक्याचे टोक पिळून बारीक करावे आणि ते कोरडे निघेपर्यंत फिरवावे. आत्या उजेडाकडे पाय करून एकेक बेचकी उघडून पाही. पांढरट, भिजलेली कातडी दिसली की डॉक्टरांनी दिलेले बुरशीचे मलम तिथे लागे. सुजलेला पाय दोन्ही वेळा धुणे उत्तम, परंतु ज्याला एकदाच जमते त्याने रात्री झोपण्यापूर्वी धुवावा.

पाय कोरडा झाला की हालचाल करावी. भिंतीला धरून टाचा उचलाव्यात व टेकवाव्यात, बसल्या जागी घोटा गोल फिरवावा, अधूनमधून पोट फुगवून खोल श्वास घ्यावा. पोटरीचे स्नायू आवळले की लसीका वर ढकलली जाते, म्हणूनच पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसणे टाळावे. रात्री खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवून पाय उंच करावा; हृदयविकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच. चप्पल रुंद, न चावणारी असावी, आणि शेतात अनवाणी जाऊ नये. दाबपट्टी प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकल्याशिवाय बांधू नये.

घरातल्या इतरांनी मच्छरदाणी वापरावी आणि सामुदायिक औषधोपचार मोहिमेत जंत मारणाऱ्या डीईसी, अल्बेंडाझोल व जिथे देतात तिथे आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या जेवण झाल्यावर, कर्मचाऱ्यांसमोरच घ्याव्यात. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्या देत नाहीत. याच रोगाने पुरुषांमध्ये होणाऱ्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते, तेव्हा लाजून ती लपवू नये.

झटका आलाच, तर व्यायाम ताबडतोब थांबवावा. पाय उंच ठेवून पडून राहावे, भरपूर पाणी प्यावे, ठणकत्या भागावर साध्या पाण्यात भिजवलेले फडके ठेवावे आणि प्रतिजैविकासाठी लगेच आरोग्य केंद्रात जावे. शेक देणे, पाल्याचा लेप लावणे, कातडीला चीर देणे यांपैकी काहीही करू नये. ताप उतरला, ठणका गेला, की हलक्या हाताने पाय धुऊन पुन्हा बेचक्या तपासाव्यात. ज्या भेगेतून जंतू शिरले, ती बहुधा तिथेच सापडते.