आधी कर्ता शोधा, मग चेकरचं ऐका

‘माय फादर आर अ रिटायर्ड क्लार्क.’ भाचीच्या नोकरीच्या अर्जातलं हे वाक्य वाचून हसू आलं, पण चूक कुठून आली तेही कळलं. आमच्या इंदूरच्या रामबागेत काय किंवा पुण्यात काय, ‘आई आली’, पण ‘बाबा आले’. बाबांना आदराचं अनेकवचन. इंग्रजी क्रियापदाला असा आदर ठाऊक नाही. तिथे बाबाही ‘इज’च.

एवढी ढोबळ चूक ग्रामर चेकर, म्हणजे संगणकातला व्याकरण तपासणारा प्रोग्राम, सहसा पकडतो. अडचण लांब वाक्यांत येते, म्हणून कर्ता आधी आपणच शोधायचा.

त्यासाठी मधला मजकूर बोटाने झाका. ‘द बॉक्स ऑफ स्वीट्स फ्रॉम द सराफा शॉप्स इज ऑन द टेबल.’ (सराफा म्हणजे आमच्या इंदूरचा खाऊबाजार.) ‘ऑफ’पासून ‘शॉप्स’पर्यंत झाकलं की उरतं ‘द बॉक्स इज’. क्रियापदाला खेटून ‘शॉप्स’ बसलंय म्हणून हात ‘आर’कडे जातो. त्यात आपली सवयही नडते. ‘भाचीने आंबे खाल्ले’ म्हणताना क्रियापद भाचीला सोडून आंब्यांच्या मागे जातं. इंग्रजीत ते कर्त्याला सोडत नाही.

साध्या वर्तमानकाळात ‘एस’ बघा: ‘बॉय रन्स’, ‘बॉइज रन’. नामाला लागला तर अनेकवचन, क्रियापदाला लागला तर एकवचन.

काही जोड्या पाठच करा. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर’, पण ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज’. ‘ईच’ आणि ‘एव्हरीवन’ कर्ता असतील तर एकवचनी.

आता चेकर चालवा. त्याआधी वर्डमध्ये भाषा इंग्लिश (इंडिया) किंवा (यूके) निवडा; ‘द टीम आर’ ब्रिटिश इंग्रजीत चालतं, अमेरिकन वळणाला ‘इज’ लागतं. चूक दाखवणारी रेघ शब्दांखाली उमटली की सुचवलेल्या बदलावर लगेच क्लिक करू नका. ‘माय ब्रदर अँड बिझनेस पार्टनर इज कमिंग’ हे भाऊच भागीदार असेल तर बरोबर; माणसं दोन असतील तर ‘आर’ हवं. घरी पाहुणे किती येणार, हे चेकरला कोण सांगणार? ‘पोहा अँड जलेबी इज आवर संडे ब्रेकफास्ट’ यावरही तो अडू शकतो. इंदूरकराला विचाराल तर ती एकच प्लेट आहे.

नवा चेकर हाताशी आला की मी मिठाईच्या बॉक्सचं वाक्य मुद्दाम ‘आर’ घालून टाकते. तिथे गप्प बसला, तर पुढे त्याच्या गप्प बसण्यावर विसंबत नाही.

भाचीने ते वाक्य शेवटी काढूनच टाकलं. तिच्या नोकरीत बाबांचं काय काम!