अक्षतांनी केलेला घोळ

बहिणीचं लग्न हॉलमध्ये नको, घराच्या खळ्यातच, असं ठरलं. गाव सिंधुदुर्गात, महिना मे. झावळ्यांचा मांडव, आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, आईच्या जुन्या शालूतून कापलेला अंतरपाट. (शालू कापताना आईपेक्षा मावशीच जास्त रडली.)

अक्षता माझ्याकडे. माळ्यावर जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा सापडला, त्यांच्या दीडशे पुड्या वळल्या. इथवर छान. मग मी हुशारी केली: कुंकू पाण्यात कालवून तांदळाला चोळलं आणि जेमतेम वाळल्यावर लगेच पुड्या भरल्या. लग्नाला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी एक पुडी उघडली तर आत लाल गोळा, कुबट वास आणि कागदही ओला. कोकणातली मेमधली दमट हवा, दुसरं काय होणार!

सगळं ओतून टाकलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, ‘पाण्याचा थेंब लावू नको गो.’ दोन किलो तांदूळ परातीत पसरून दुपारभर उन्हात कडकडीत तापवले, पूर्ण गार होऊ दिले. मग तळव्यावर चमचाभर तूप घेऊन दाण्यांना नुसतं पुसटसं चोळलं आणि वरून कोरडं कुंकू भुरभुरवलं. तुपामुळे रंग दाण्याला धरतो, पण दाणे सुटे राहतात. तूप जास्त झालं तर मात्र कागदावर डाग पडतात. माझ्या पहिल्या दहा पुड्या त्यात गेल्या.

तयार अक्षता स्टीलच्या डब्यात ठेवल्या. बाकीच्या पुड्या भरल्या थेट लग्नाच्या सकाळी, चहा पिता पिता, पाचजणींनी.