‘आंटी’ म्हणजे नेमकी कोण? ऑस्ट्रेलियात बालसंरक्षणात येणाऱ्यांसाठी

पदवीचं मूल्यमापन, आयेल्ट्सची इंग्रजी परीक्षा, मुलांसोबत काम करायचा परवाना, गाडी चालवायचा सराव. हे सगळं डोकं खातं, पण होतं. त्यावर शब्द घालवत नाही. मी इथे बालसंरक्षणात काम करते: मूल घरी सुरक्षित नसेल तर ते कुणाकडे ठेवायचं ते बघायचं. लिहितेय ते त्यातल्या एका चुकीबद्दल. ती मी केली आणि भोगली एका चार वर्षांच्या ॲबओरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, मुलीनं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

आकडे तुम्ही वाचले असतील. देशातल्या मुलांमध्ये ॲबओरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या मूळ रहिवाशांची मुलं साधारण ६ टक्के, पण आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या मुलांमध्ये ४० टक्क्यांच्या वर. व्हिक्टोरिया राज्याच्या २००५ च्या कायद्यात, कलम १३ मध्ये, अशा मुलाला कुठे ठेवायचं याचा क्रम दिलाय: आधी नातेवाईक, मग जवळपासचं ॲबओरिजिनल कुटुंब, मग दुसरीकडचं ॲबओरिजिनल कुटुंब, आणि काहीच जमलं नाही तर ॲबओरिजिनल नसलेलं घर, तेही मुलाच्या माणसांजवळचं. मला हा क्रम तोंडपाठ होता. पाठ असूनही मी थेट शेवटच्या पायरीवर गेले.

मुलीच्या आईला विचारलं, नात्यातलं कुणी आहे का? ती म्हणाली, “आंटी घेईल तिला.” मी नाशिकची. आमच्याकडे शेजारीण आंटी, शिकवणीची बाई आंटी, बसमध्ये ‘जरा सरका’ म्हणायचं ती पण आंटी. मी फाइलमध्ये लिहिलं: फॅमिली फ्रेंड. फोन लावला, लागला नाही, दुसऱ्या दिवशी परत लावला, नाही. झालं. ‘योग्य नातेवाईक उपलब्ध नाही.’ मुलगी दोन तासांवरच्या एका गोऱ्या कुटुंबात गेली.

ती आंटी होती मुलीच्या आजीची सख्खी बहीण. आईची मावशी. तिनंच त्या आईला वाढवलेलं, आणि त्यांच्या हिशोबानं आजीची बहीण म्हणजे आजीच. माय मरो पण मावशी उरो असं म्हणणाऱ्या भाषेत वाढलेली मी, आणि मावशीच ओळखली नाही.

आता उलटी चूक करू नका. ॲबओरिजिनल समाजात वडीलधाऱ्या बाईला मानानंही आंटी म्हणतात, रक्ताचं नातं नसलं तरी. म्हणजे शब्दावरून काहीच ठरत नाही, विचारावंच लागतं: कुठल्या बाजूची आंटी? तुझ्या आईची कोण? तुला कुणी वाढवलं? घरात कुणी गेलं की सगळ्यांना कोण गोळा करतं? ‘नातेवाईक आहेत का’ हा प्रश्नच कुचकामी आहे. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं, कारण विचारणारी तुम्ही आहात. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकार आणि मिशनवाल्यांनी इथली ॲबओरिजिनल मुलं घरातून उचलून नेली. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशीचा अंदाज आहे की दहातलं एक ते तिनातलं एक मूल असं गेलं. त्या घरांत नाव सांगणं म्हणजे सरकारी गाडीला आणखी एका दाराचा पत्ता देणं. आई गप्प बसली म्हणून माणसं नाहीत असं होत नाही. आठवड्यानं परत विचारा, महिन्यानं परत विचारा, आणि एकट्यानं जाऊ नका. ॲबओरिजिनल संस्थेतल्या सहकाऱ्याला सोबत घ्या, दार उघडण्यापुरतं नाही, ठरवण्यासाठीसुद्धा.

माझी चूक सात महिन्यांनी उघडी पडली. मुलीबद्दल कुटुंबानंच निर्णय घ्यायचा अशी बैठक होती. आंटी बोलावणं नसताना आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. “मला कुणी विचारलंच नाही,” एवढंच म्हणाली. फोन? तो नंबर केव्हाच बंद झाला होता. तोवर आमच्याच अहवालात ‘मूल तिथे रुळलं आहे’ असं वाक्य येऊन बसलं होतं. ते सांभाळणारे लोक खरंच चांगले होते, म्हणून तर मुलीला परत आणणं सगळ्यांनाच जड गेलं.

शॉर्टकटबद्दल थोडं. मुलाचं आपल्या समाजाशी नातं कसं टिकवायचं त्याचा, संस्कृती-आराखडा नावाचा एक फॉर्म असतो, त्यात सगळे तेच लिहितात: जुलैत नेडॉक या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीच्या सप्ताहाला नेणार, त्यांच्या झेंड्याचे रंग दाखवणार. मीही लिहिलंय. एकदा तर मला आयत्या आलेल्या आराखड्यात दुसऱ्याच मुलाच्या समूहाचं नाव राहिलेलं सापडलं. एका दिवसाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीला लावा, घरात जाताना त्याचा उपयोग नाही. पैसे घेऊन मार्गदर्शन करणाऱ्या आपल्याच लोकांपासून तर चार हात लांब राहा. ते मुलाखत पास करायला शिकवतात, बस. मला शिकवलं ते शेजारच्या संस्थेतल्या एका वयस्क बाईनं, आणि तिनं पहिला महिना माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आणि ‘आम्हालाही इंग्रजांनी लुटलं’ हे कृपा करून बोलू नका. तुम्ही गळ्यात सरकारी ओळखपत्र घालून त्यांच्या ओट्यावर उभे असता.

घाबरवत नाहीये. पहिल्या वर्षात गाडीत बसून रडणं सगळ्यांचं होतं, ते नोकरी सोडायचं कारण नव्हे. आंटीच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं विचारलं, तुझी माणसं कुठली? मी ऑफिसचं नाव सांगितलं. तिनं मान हलवली, ते नाही. मग गोदावरी सांगितली, आजीचं निफाडजवळचं गाव सांगितलं, मावश्या किती ते सांगितलं. तिनं चहाला किटली ठेवली. हे उत्तर आपल्याकडे असतं, फक्त देताना लाजू नका.

मुलगी आता तिच्याकडेच आहे. फाइलमधली जुनी नोंद मात्र खोडता येत नाही. ‘फॅमिली फ्रेंड’ तिथेच आहे, पुढे माझं नाव आणि तारीख. त्याखाली मी दुरुस्ती लिहिली आहे: आजी. मोठी झाल्यावर ती आपली फाइल मागवू शकते, तेव्हा तिला दोन्ही दिसतील.