बॅट घेताना या चुका टाळा: आधी माप, मग स्टिकर

सोयाबीन निघालं, हातात चार पैसे आले की आपल्याकडे दोन गोष्टींना जोर येतो: लग्नाच्या बोलणीला आणि टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला. नव्या बॅटही याच दिवसांत घेतल्या जातात. 2024 च्या अंडर-19 विश्वचषकाच्या सेमीफायनलमध्ये बीडच्या सचिन धसनं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावा काढल्या. त्यामुळे बापलोकांनाही हुरूप आहे. हुरूप असावाच, पण दुकानात गेल्यावर नजर आधी स्टिकरवर जाते आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे, "वाढतं अंग आहे, मोठीच द्या." शाळेचा ड्रेस ढगळ झाला तर बाही दुमडता येते, बॅटचं काय दुमडणार? लेकराला बूट घालून स्टान्समध्ये उभं करा आणि बॅट पायाला लावून सरळ धरा. हँडलचं टोक मांडीच्या वरच्या भागापर्यंत यावं. कमरेच्या वर जात असेल तर एक साइज खाली या. साधारण 5 फूट 4 इंचाच्या आसपास हॅरो, म्हणजे पोरांच्या आणि मोठ्यांच्या बॅटमधला साइज, 5 फूट 7 इंचांच्या पुढं शॉर्ट हँडल. 'शॉर्ट' ऐकून बिचकू नका, मोठ्या माणसांची नेहमीची बॅट तीच. लाँग हँडलच्या वाटेला सहा फुटांच्या वरच्या गड्यानंच जावं.

उंचीइतकंच वजन महत्त्वाचं, किंबहुना जास्तच. जड बॅटनं सिक्स लांब जातो हा समज गावोगाव पक्का आहे. प्रत्यक्षात बॅट वेळेवर खाली आलीच नाही तर वजन काय कामाचं? सरळ बॉलला बॅट आडवी येते, ड्राइव्ह मारायला गेलं की बॉल मिडऑनच्या हातात जातो, आणि दहा ओव्हरनंतर मनगट दुखतं. ही लक्षणं दिसली की बॅटिंगला नावं ठेवायच्या आधी बॅट काट्यावर ठेवा. लेदर बॉलसाठी मोठ्या माणसाला 1150 ते 1200 ग्रॅम पुष्कळ झालं. तरी नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण त्याच वजनाच्या दोन बॅटचा पिकअप, म्हणजे उचलताना हाताला जाणवणारा भार, वेगळा असतो. फक्त वरच्या हातानं, म्हणजे उजव्या बॅटरनं डाव्या हातानं, बॅट धरून आठ-दहा वेळा बॅकलिफ्ट घ्या, म्हणजे बॅट मागं उचला. टो, म्हणजे बॅटचं खालचं टोक, खाली झुकायला लागला किंवा कोपर पडलं तर ती बॅट परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो.

टेनिसची बॅट लेदरवर वापरू नका. मागून कोरलेली, फुगीर, हलकी बॅट टेनिस बॉलला छान बसते. लेदरचा एक यॉर्कर टोवर आला की चीर पडते. शिवाय 2017 पासून नियमात एजची म्हणजे बॅटच्या कडेची जाडी कमाल 40 मिलीमीटर आहे, म्हणजे जास्त जाड एजची बॅट असोसिएशनच्या मॅचला चालत नाही.

लाकूड काश्मीर विलो की इंग्लिश? मॅटिंगवर, म्हणजे चटईच्या पिचवर, शिकणाऱ्याला काश्मीर बिनधास्त घ्या. इंग्लिशमध्ये ग्रेन, म्हणजे लाकडावरच्या उभ्या रेषा, जास्त असले की बॅट लवकर 'बोलते', म्हणजे चांगला फटका देऊ लागते, पण तिचं आयुष्य कमी भरतं. ग्रेन मोजत बसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

लेदर बॉलसाठी घेतलेली बॅट नॉकिंगशिवाय, म्हणजे ठोकून तयार केल्याशिवाय, मैदानात नेऊ नका. लाकडी मॅलेटनं म्हणजे हातोड्यानं चार-सहा तास, रोज थोडं थोडं, आधी हलक्या हातानं ठोका. एजवर सरळ घाव घालायचा नाही, तिरका घालून ती गोल करायची. तेल कच्च्या जवसाचंच हवं. पेंटच्या दुकानातलं उकळलेलं लिनसीड नको, त्यात ते लवकर वाळावं म्हणून औषध घातलेलं असतं. पातळ हात फिरवा, स्प्लाइसला म्हणजे हँडल बसवलेल्या जोडाला तेल लावू नका, आणि बॅट रात्रभर आडवी ठेवा.

आपल्या उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 च्या वर जातो. तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत बॅट ठेवली की लाकूड सुकून फाटतं. पावसाळ्यात नेमकं उलटं, ओल्या पिचवर टेकवून टेकवून टो पाणी पितो आणि फुगतो. टोला रबरी गार्ड चिकटवून घ्या. केसाएवढी चीर दिसली तर खेळ तिथंच थांबवा, वुड ग्लू भरून दोऱ्यानं आवळा आणि पुरतं वाळल्यावरच पुन्हा हातात घ्या.