कोंबड्यांच्या गंबोरो या व्हायरसच्या आजारावर काम करताय? ट्यूबवर लेबल लावण्यापासूनच या चुका टाळा

"मॅडम, पीसीआर निगेटिव्ह येतंय, पण शेडमध्ये लक्षणं तर सगळी गंबोरोचीच होती." दर वर्षी एमव्हीएस्सी (पशुवैद्यकीतलं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्या कुणाचा तरी असा फोन येतो आणि मी आधी एवढंच विचारते, पक्षी आजारी पडून किती दिवस झाले होते? उत्तर नसतं. ट्यूबवर गावाचं नाव आणि तारीख, बास. पक्ष्याचं वय नाही, लस कोणती दिली आणि कितव्या दिवशी दिली तेही नाही.

या आजारात सगळा खेळ दिवसांचा आहे. लागण झाल्यावर तिसऱ्या दिवशी बर्सा, म्हणजे पक्ष्याची रोगप्रतिकारक पेशी घडवणारी पिशवी, सुजायला लागते, चौथ्या दिवशी वजन जवळजवळ दुप्पट, पाचव्या दिवशी परत पहिल्यासारखी दिसते आणि आठव्या दिवसापर्यंत आकसून तिसरा हिस्सा उरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा पक्षी एकदा स्वतःच्या हाताने उघडून बघाच. शेपटीखाली, गुदद्वाराच्या वरच्या अंगाला असलेली ती छोटी पिशवी फुगून पिवळसर झालेली असते, वरून जेलीसारखा थर, कधी आत रक्त उतरून जांभळी पडलेली, आणि मांडीच्या स्नायूंवर रक्ताचे फराटे. आपण मात्र शेतकऱ्याचा फोन आल्यावर गाडीची सोय होईपर्यंत आठवडा घालवतो आणि मग आकसलेली बर्सा आणून तिच्यात व्हायरस शोधत बसतो, म्हणजे वरातीमागून घोडं. त्यामुळे मेलेल्यांचा ढीग सोडा, आज सकाळी पिसं फुगवून मान टाकून बसलेले चार-पाच पक्षी घ्या. आणि हो, बर्सा सुजली नाही म्हणजे गंबोरो नाही असंही समजू नका, 1980 च्या दशकात अमेरिकेत जे व्हेरियंट सापडले त्यांत सूज न येताच बर्सा आकसते.

बर्सा निम्मी कापून एक भाग फॉर्मेलिनमध्ये, दुसरा थेट बर्फावर आणि लॅबला पोचल्यावर उणे 80 अंशाला. आख्खी बर्सा फॉर्मेलिनमध्ये टाकून आणली की हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालची ऊतींची तपासणी) छान होते, पण पीसीआर आणि सिक्वेन्सिंगचा (जनुकांचा क्रम वाचण्याचा) खेळ तिथेच बिघडतो.

आता माझं सांगते. माझ्या स्वतःच्या थिसिसमध्ये तीन महिने जेलवर बँड, म्हणजे पीसीआर जमल्याची पट्टी, आला नाही. किट बदललं, प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) नवीन मागवले, गाइडची बोलणी खाल्ली. चूक साधी होती, हा व्हायरस बिर्नाव्हायरस, याचा आरएनए दोन पदरी, आणि मी तो इतर आरएनए व्हायरससारखाच थेट सीडीएनए रिअॅक्शनला (आरएनएवरून डीएनए बनवायला) लावत होते. पदर सुटल्याशिवाय प्रायमर बसणार कुठे! आरएनए आणि प्रायमर 95 अंशाला पाच मिनिटं तापवून लगेच बर्फात दाबा, डीएमएसओ (पदर सुटे ठेवायला मदत करणारं द्रावक) घातलं तर अजून चांगलं. बर्फाकडे जाताना गप्पा मारत बसलात तर पदर परत जुळतात.

बँड आला की लगेच "फील्ड व्हायरस सापडला" असं लिहून टाकू नका, ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. आपल्याकडे गंबोरोची लस बहुतेक जिवंत असते, ती बर्सातच वाढते, म्हणजे लस दिलेल्या पक्ष्यात पीसीआर लसीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकतं. एलायझा या अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीचंही तसंच, अँटिबॉडी लसीची की आजाराची ते त्याला कळत नाही. व्हीपी2 या व्हायरसच्या बाहेरच्या प्रथिनाच्या बदलत्या भागाचं सिक्वेन्सिंग करा आणि त्यात 222 व्या जागी अॅलानिन, 256 आणि 294 ला आयसोल्युसिन, 299 ला सेरिन ही अमिनो आम्लं आहेत का बघा, अतितीव्र स्ट्रेनची ही ओळख. पण एवढ्यावर थांबलात तरी काम अर्धंच. व्हायरसचे जीनोमचे तुकडे दोन, ए आणि बी, आणि दोन वेगळ्या व्हायरसचे तुकडे एकत्र आलेले स्ट्रेन सापडलेले आहेत, म्हणून बी मधलं व्हीपी1 हे जनुक पण वाचायचं.

व्हायरस वाढवताना अतितीव्र फील्ड स्ट्रेन लॅबमध्ये वाढवलेल्या कोंबडीच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशींत थेट टाकून वाट बघत बसू नका, तो तिथे सहसा वाढत नाही. अंड्यात कोरिओअॅलँटॉइक (गर्भाभोवतीच्या) पडद्यावर द्या, आणि अंडी एसपीएफच, म्हणजे ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त कळपातलीच, हवीत. हॅचरीची साधी अंडी स्वस्त पडतात, पण त्यांच्या बलकात आईकडून आलेल्या अँटिबॉडी असतात. पेशींत जुळवून घेतलेला व्हायरस चॅलेंजला (प्रयोगात पक्ष्यांना मुद्दाम लागण करायला) वापरणं हीसुद्धा चूकच, जुळवून घेताना व्हीपी2 मध्ये 253 आणि 284 ला बदल होतात आणि त्याची धार जाते.

लसीच्या ट्रायलमध्ये घोडं अडतं ते याच आईच्या अँटिबॉडीपाशी. ब्रॉयलर पिल्लांत त्या साधारण तीन-साडेतीन दिवसांत निम्म्या होतात. जास्त जोरकस इंटरमीजिएट प्लस लस एलायझा टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) 500 च्या आसपास उतरल्यावर लागू पडते, साधी, सौम्य इंटरमीजिएट 125 ला. म्हणून पहिल्या आठवड्यातच अठरा-वीस पिल्लांचं रक्त घेऊन डेव्हेंटर फॉर्म्युल्याने (लस कधी द्यायची ते काढण्याच्या सूत्राने) दिवस काढा, पाच पिल्लांची सरासरी काढून नको, कारण एकाच बॅचमध्ये दोन ब्रीडर फ्लॉकची (आईकोंबड्यांच्या दोन कळपांची) पिल्लं मिसळलेली असली तर सरासरी साफ फसवते.

आणि कंट्रोल पक्षी, म्हणजे तुलनेसाठी लागण न केलेले. चॅलेंजच्या शेजारच्या पिंजऱ्यात ठेवलेला कंट्रोल कंट्रोल राहत नाही. रिकाम्या शेडमध्ये हा व्हायरस 122 दिवसांनंतरही लागण करू शकला आहे, पाणी, खाद्य आणि विष्ठेत 52 दिवस, आणि लिटरमधले काळे किडे त्याला आठवडेच्या आठवडे बाळगतात. व्हायरसला बाहेरून चरबीचा पापुद्रा नसल्यामुळे नुसत्या क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकाच्या फवाऱ्यावर विसंबू नका, फॉर्मेलिन किंवा आयोडीनवालं घ्या. रोज सकाळी कंट्रोलचं खाद्य-पाणी आधी, चॅलेंजची खोली सगळ्यात शेवटी, तिथले बूट आणि एप्रन तिथेच, आणि अंघोळ केल्याशिवाय कंट्रोलकडे परत फिरकायचं नाही, मग थर्मामीटर तिकडे विसरला असला तरी.