घराच्या विम्याचा क्लेम कापला? भांडायला जाण्याआधी या चुका टाळा

"ओल जुनी आहे." आमच्या घराच्या क्लेमवर, म्हणजे भरपाईच्या मागणीवर, नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने हे तीन शब्द लिहिले आणि आमचे आठ महिने गेले.

त्या रात्री नाल्याचं पाणी अंगणातून थेट हॉलमध्ये आलं होतं. आईने दाराच्या फटीला चादरीची घडी कोंबली होती, जाडजूड सोलापुरीच. सकाळी ती दिवाणाखाली सापडली, चिखल पिऊन दगडासारखी जड. पण कागदावर पाणी शिरलंच नव्हतं, होती ती ओल. पुराचं पाणी पॉलिसीत बसतं, वर्षानुवर्षं झिरपलेली ओल बसत नाही. मागणीच्या चौथाईसुद्धा रक्कम मंजूर झाली नाही.

कंपनीने हात आखडता घेतला हे खरंच. पण तो घ्यायला वाव आम्हीच दिला होता.

आधी साफसफाई, मग फोटो

पाणी ओसरलं तसे आम्ही खराटे घेऊन तुटून पडलो. गाद्या घंटागाडीत गेल्या, भिंती धुतल्या. सर्व्हेअर आला तेव्हा घर चकाचक, आणि भिंतीत खालून वर चढलेला दमटपणा तेवढा उरलेला. त्याला ओल दिसली यात नवल काय?

भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटते तो तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार. तिच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. प्रत्येक खोलीत, दरवाजाही फोटोत येईल असा. फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर टिपून ठेवा. नुकसान वाढू नये म्हणून आवराआवर करायलाच हवी, पण टाकण्याच्या वस्तू आधी एका जागी ठेवून फोटो घ्या आणि कंपनीला मेल करा, मग टाका. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो असं समजून आम्ही त्याची प्रत घेतली नव्हती. नंतर मिळवली तेव्हा तीच कामी आली, कारण त्यात 'घरात पाणी शिरले' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा दाखला घ्या.

सर्व्हे रिपोर्ट न मागणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पैसे कमी आले की लोक शाखेत जाऊन आवाज चढवतात, एजंटाला धरतात, पण रक्कम कशी काढली हे विचारत नाहीत. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. आमच्या हातात ती पडली तेव्हा कुठे कळलं की पैसे तीन ठिकाणी कापलेत: ओल म्हणून, घसारा (वस्तू जुनी झाल्याने घटलेली किंमत) म्हणून आणि 'विमा कमी रकमेचा' म्हणून.

हा तिसरा प्रकार नीट समजून घ्या. घर नव्याने बांधायला २० लाख लागणार असतील आणि विमा १० लाखांचाच असेल, तर ४ लाखांचं नुकसान मान्य करूनही जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत हातावर २ लाखच टेकवले जातात. पण १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते, आणि तिच्यात ही प्रमाणातली कपात लागू होत नाही. तुमच्या पॉलिसीवर हे नाव असेल आणि तरी कपात झाली असेल, तर तो मुद्दा पहिल्याच पत्रात मांडा. घरातल्या सामानालाही त्यात इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. कित्येकांना हे माहीतच नसतं, म्हणून सामानाचा क्लेमच केला जात नाही.

रिपोर्टला उत्तर द्यायचं ते ओळीला ओळ: वस्तू, त्यांचा आकडा, आपला आकडा, फरकाचं कारण, पुरावा. प्लास्टर आणि वायरिंगसाठी इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक जोडा. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच म्हटलेलं आहे.

फोनवर विश्वास

"होऊन जाईल साहेब" याला पुरावा नसतो. मेल करा, पत्र दिलं तर पोच घ्या. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. तारखा लिहिलेल्या असतील तरच उशीर दाखवता येतो.

'फुल अँड फायनल'वर सही केली म्हणून गप्प बसणं

डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे पैसे मिळाल्याच्या पावतीवर, सही झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. अशा सहीमुळे जास्त भरपाई मागण्याचा हक्क जात नाही, असं नियामकाने २०१५ मध्ये कंपन्यांना कळवलं आहे. तरी सही करताना 'हरकत राखून स्वीकारले' असं लिहा आणि त्याच दिवशी मेलही टाका.

खाली माग, वर घर

हे खास आपल्या सोलापूरचं. पूर्व भागात कित्येक घरांत तळमजल्यावर यंत्रमाग किंवा शिलाई मशीन असतात. घरगुती पॉलिसीत माग, सूत, तयार माल बसत नाही. त्याचा क्लेम त्यात घुसडायला गेलात तर घराचाही अडकतो. धंद्याचा विमा वेगळाच घ्यायचा.

गृहकर्ज असेल तर बँकेत एकदा विचारा. घराची पॉलिसी बँकेच्या फायलीत असते आणि घरमालकाला पत्ताच नसतो.

चुकीचं दार, चुकीची वेळ

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. सोबत १५५२५५ वर किंवा 'बिमा भरोसा' पोर्टलवरही नोंदवा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, की विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. सोलापूर पुण्याच्या लोकपालांकडे येतं. फी नाही, वकील नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, मर्यादा ५० लाखांची. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही.

मनस्तापाची भरपाई आणि खर्चही मागायचा असेल तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मुदत दोन वर्षांची. पण आयोगात केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम ठरवून चला. आम्ही लोकपाल निवडला.

आकडा फुगवणं

"कापणारच आहेत, मग दुप्पट लावा," असा सल्ला आम्हालाही मिळाला. एक खोटं बिल सापडलं की उरलेली खरी बिलंही संशयात जातात. घरात पाणी शिरलं होतं आणि 'विमा कमी रकमेचा' ही कपात चुकीची आहे, यावर आम्ही ठाम राहिलो, त्यातलं बरंचसं मिळालं. घसाऱ्याचा वाद सोडून दिला. दिवाण खरंच पंचवीस वर्षांचा होता.